मायचा खडा

पोरांना मी आयुष्यभर विज्ञान शिकवलं. द्रावण, संपृक्त द्रावण, आयन, साका हे सगळं फळ्यावर इकडून तिकडे बाण काढून काढून सांगितलं, आणि दर वर्षी त्या पाठाशी आले की माझा आवाज उगीच चढायचा. पोरांना वाटायचं, बाई या पाठाला फार कडक होतात. खरी गोष्ट अशी की तो पाठ मला स्वतःलाच कधी धड कळला नव्हता. परीक्षेपुरता कळला होता, पैकीच्या पैकी गुण मिळण्याइतका कळला होता. पण त्याच पाठाच्या भरवशावर मी माझ्या आईच्या पोटात जे घातलं, त्यानं तिचं भलं झालं, वाईट झालं की काहीच झालं नाही, हे आज गुडघे धरून उठताना-बसताना विचार केला तरी मला सांगता येत नाही. माझी लेक म्हणते, लिहून काढ, म्हणजे डोक्यातून जाईल. तिला काय जातंय म्हणायला. पण लिहिते.

आम्ही अंकुशनगरला, साखर कारखान्याच्या वसाहतीत राहायचो. दोन खोल्या, पुढं ओटा, मागं न्हाणी आणि न्हाणीच्या पाण्यावर मायनं लावलेला भाजीचा एवढासा वाफा. गाळप सुरू झालं की भिंतीला पाठ लावून बसलं तरी पाठीत यंत्रांची घरघर यायची. गाळप संपलं की तीच पाठ रिकामी वाटायची आणि आम्हांला दोन-तीन दिवस झोप लागायची नाही. मळीचा वास तर केसांत, कपड्यांत, पिठाच्या डब्यात सुद्धा. पाहुणे नाकाला रुमाल लावायचे, आम्हांला कळायचंच नाही कशाला लावतात ते. पाणी मात्र हापशाचं, जड. त्या पाण्यात तुरीची डाळ तासभर रटरटली तरी दाणा न् दाणा वेगळाच राहायचा. माय चिमूटभर सोडा टाकायची, मग कुठं वरण एकजीव व्हायचं. पाहुणे येणार असले तर ती मैलभर चालून कालव्याचं पाणी आणायची, का तर त्या पाण्यात डाळ चांगली शिजते. असं का, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि तिला त्याची गरजही पडली नव्हती.

हापशाच्या पाण्यानं हंड्याला, तपेल्याला आतून पांढरा खार धरायचा. माय तो चिंचेच्या कोळानं घासून काढायची. आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, कारखान्यात हेच काम मोठ्या मापावर करायचे. उसाच्या रसात चुना घालून तो साफ करतात आणि मग मोठमोठ्या बंद भांड्यांत आटवतात. त्या भांड्यांच्या आत शेकडो नळ्या असतात, आणि रस आटता आटता त्या नळ्यांना आतून खार बसतो. थर जाड झाला की वाफेची ऊब रसापर्यंत पोचत नाही, म्हणून मधेच गाळप थांबवून साफसफाई करावी लागते. आधी सोडा उकळायचा, मग पाण्यात पातळ केलेलं ॲसिड फिरवायचं, आणि शेवटी नळी न् नळी ब्रशनं घासायची. अण्णा त्या टोळीत होते. साफसफाईच्या दिवशी ते घरी आले की त्यांच्या बोटांची सालं निघालेली असायची, आणि माय त्यांना पाटावर बसवून एकेका बोटाला खोबरेल लावायची. तेव्हा अण्णा ठरलेलं वाक्य बोलायचे, की खार लई चिवट, पन आंबटापुढं त्याचं काई चालत न्हाई. आमच्या घरात देवाच्या खालोखाल या वाक्याला मान होता.

मी तालुक्याच्या कॉलेजात सायन्सला होते, एसटीनं रोज जाऊन येऊन. आमच्या घरातच काय, आमच्या सगळ्या भावकीत सायन्सला गेलेली मी पहिलीच. त्यामुळे कुणाला ताप आला, कुणाची म्हैस आटली, कुणाच्या रेडिओची खरखर वाढली, तरी लोक मला विचारायचे, आणि मी उत्तर द्यायचे. नाही माहीत, असं म्हणायची सवय मला फार उशिरा लागली. प्रयोगशाळेत शेख सर होते. घरी उर्दू, वर्गात इंग्रजी आणि आमच्याशी अर्धी मराठी अर्धी दखनी बोलायचे. संपृक्त द्रावणाचा पाठ त्यांनी एसटीवर शिकवला. बस खच्चून भरली आहे असं समजा, म्हणाले. दोघं उतरले की दोघं चढतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, काहीच हलून नाही राहिलं. भांड्याच्या तळाशी बसलेला क्षारही असाच, क्षणाक्षणाला विरघळतो आणि क्षणाक्षणाला परत बसतो, दोन्हीचा वेग सारखा म्हणून आपल्याला सगळं थांबल्यासारखं दिसतं. मी विचारलं, सर, दिसतच नाही तर ते चाललंय हे समजायचं कसं? ते हसले आणि म्हणाले, आधी लिहून घे, समजेल नंतर. मी लिहून घेतलं. पुढं समान आयनाचा परिणाम आला, म्हणजे बसमध्ये एकाच गावची माणसं वरून कोंबत राहिलं तर काय होतं ते. तेही लिहून घेतलं, पाठ केलं, आणि चाचणीत मला सगळ्यांत जास्त गुण मिळाले. अण्णांनी वसाहतीत पेढे वाटले.

त्याच दिवसांत एका दुपारी माय खलबत्त्यात शेंगदाणे कुटता कुटता एकदम वाकली आणि तशीच आडवी झाली. पदराचा बोळा तिनं तोंडात धरला होता. मला आधी वाटलं विंचू चावला. घामानं तिचं कुंकू नाकापर्यंत ओघळलं होतं, आणि डावी कूस दाबून ती जमिनीवर गोल गोल फिरत होती. मी अनवाणी कारखान्याच्या फाटकापर्यंत पळत गेले आणि अण्णांना बोलावून आणलं. जालन्याच्या डॉक्टरांनी फोटो काढला आणि डाव्या बाजूला बोट ठेवून सांगितलं, मुतखडा आहे, तुरीच्या डाळीएवढा. भरपूर पाणी प्या, दूध कमी करा, पानाला चुना नको, बहुतेक आपोआप पडून जाईल. नाही पडला आणि वाढत गेला तर कापावं लागेल, आणि फार दिवस वाट अडवून बसला तर ते मूत्रपिंडच निकामी होईल. हे सगळं ते अण्णांना सांगत होते. माय भिंतीकडं तोंड करून बसली होती, पण तिनं सगळं ऐकलं होतं. येताना एसटीत खिडकीशी बसल्यावर तिनं माझं मनगट धरलं.

“शोभे,” ती म्हणाली, “तू येवढी शिकून राह्यली. मला कापू देऊ नको.”

मी म्हणाले, न्हाई देनार. इतक्या सहज म्हणाले की आज मला त्या पोरीच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

घरी आल्यावर मी कामाला लागले. खडा म्हणजे काय, तर खार. नळीत बसतो तसाच, हंड्यात बसतो तसाच. आणि खार आंबटानं निघतो, हे तर आमच्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. खात्री करायची म्हणून मी हंड्यातल्या खारावर लिंबू पिळलं, तर बारीक फेस येऊन खार सुटला. मायला हाताला धरून आणलं आणि तो फेस दाखवला. अण्णाही वाकून बघत होते. ते म्हणाले, बराबर हे, आमचंबी असंच चालतं. झालं, दोन शास्त्रज्ञांचं एकमत झालं. आता पोटात ॲसिड तर ओतता येत नाही, लिंबानं तिचे दात आंबायचे, चिंचेनं घसा धरायचा. मग माझी नजर न्हाणीमागच्या वाफ्यावर गेली. चुका हिरवागार माजला होता. एक पान तोंडात टाकलं तरी डोळा मिटतो इतका आंबट. जणू देवानं आपल्या दारातच औषध लावून ठेवलं होतं.

दिवाळी झाल्यापासून मी सुरू केलं. सकाळी कॉलेजला जायच्या आधी चुका खुडायचा, धुवायचा, मूठभर डाळीबरोबर शिजवून रवीनं गरगटायचा, वरून लसूण आणि सुक्या मिरचीची फोडणी. चुलीपाशी मायला येऊ द्यायचे नाही. तिनं सांगितलं होतं की लग्न होऊन आल्यापासून आजपर्यंत तिच्यासाठी म्हणून कुणी काही रांधलं नव्हतं. सुरुवातीला ती संकोचायची, अण्णांना जास्त वाढ म्हणायची. मी ऐकायचे नाही. भाकरी आणि वाटीभर गरगटं तिच्यापुढं ठेवून मी समोर बसायचे आणि ताट स्वच्छ होईपर्यंत उठायचे नाही. संध्याकाळी तेच, रोज. चहातलं दूध मी बंद केलं, ताक बंद केलं. डॉक्टरांनी कमी करा म्हटलं होतं, मी पार बंदच केलं, कारण दुधात कॅल्शियम असतं हे मला डॉक्टरांपेक्षा ताजं ताजं कळलं होतं. वसाहतीतल्या बायका वेशीपर्यंत कौतुक सांगायच्या, की पोरगी असावी तर अशी.

महिनाभर कळ आली नाही. मी मनातल्या मनात खडा विरघळताना बघत होते. मग संक्रांतीच्या सुमारास एकदा कळ आली, पण ती लवकर थांबली, आणि अण्णा म्हणाले की खार सुटताना नळीतूनसुद्धा आवाज येतो. मला ते पटलं. मी चुक्याची वाटी मोठी केली.

गाळप संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. आमच्या प्रात्यक्षिकात प्रत्येकाला एक अनोळखी क्षार दिलेला असायचा आणि त्यात काय काय आहे ते शोधायचं असायचं. माझ्या परीक्षानळीतलं पाणी स्वच्छ होतं. मी त्यात अमोनियम ऑक्झलेटचे थेंब टाकले आणि क्षणात ते दुधासारखं झालं, मग पांढरा गाळ हळूहळू तळाशी बसायला लागला. म्हणजे कॅल्शियम. वहीत लिहिल्याप्रमाणे मी पुढं त्यात ॲसेटिक ॲसिड, म्हणजे सिरक्यातलं आंबट, टाकलं. काही झालं नाही. हलवलं, तरी नाही. मग हायड्रोक्लोरिक टाकलं तर गाळ विरघळून पाणी पुन्हा नितळ. मी खुशीत होते, उत्तर बरोबर आलं होतं. शेख सर टेबलाटेबलावरून फिरत माझ्यापाशी आले, नळी उजेडाकडं धरली आणि सहज बोलून गेले.

“येइच चीज गुर्दे में जमती, बेटा. पथरी बोलते ना, वो.”

मी विचारलं, सर, हे ऑक्झलेट माणसाच्या पोटात येतं कुठून? ते म्हणाले, भाजीतून. पालक, चुका. चुक्यात तर भरपूर. चुक्याची आंबटी ऑक्झलेटचीच तर आहे.

मी म्हणाले की पण सर, आंबटानं खार निघतो ना. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग नळीकडं.

“अब्बी सिरके का ॲसिड डाला ना तूने? पिघला क्या?”

न्हाई, म्हणाले मी.

पुढं ते बोलतच होते. हंड्यातला खार वेगळा, तो लिंबानं फेसाळतो, हा त्याच्या जातीचा नाही. कारखान्यातलं ॲसिड वेगळं, त्याच्यापुढं हा टिकत नाही, पण ते प्यायला माणूस कुठं उरतो. आणि द्रावण आधीच काठोकाठ असलं, वरून तेच ऑक्झलेट टाकत राहिलं, तर विरघळायचं सोडा, होतं ते सुद्धा खाली बसणार. समान आयनाचा परिणाम, तुला तर येतं हे. हो सर, म्हणाले मी. मला येत होतं. मला सगळ्यांत जास्त गुण होते. मी परीक्षानळी धुऊन स्टँडमध्ये उलटी ठेवली.

एसटीत बसून मी दिवस मोजायला लागले आणि मधेच सोडून दिले. घरी आले तर माय ओट्यावर चुका खुडून, निवडून बसली होती, मला तेवढीच मदत म्हणून. मी तिला म्हणाले की आता पुरे, डॉक्टरांनी एवढेच दिवस सांगितले होते. डॉक्टरांनी सांगितलंच नव्हतं, मी सांगितलं होतं. तिनं एवढंच म्हटलं की बरं, मंग आज वरण टाकू. दुसऱ्या दिवशी मी सगळा वाफा उपटून टाकला. अण्णांनी विचारलं तर कीड लागली म्हणून सांगितलं. खरं बोलायला हवं होतं, लगेच, त्याच दिवशी, आणि तिला पुन्हा जालन्याला न्यायला हवं होतं. पण मला वाटत होतं की मी बोलले नाही तर कदाचित ते झालंच नाही असं होईल. शिवाय मला काहीच कळेनासं झालं होतं. दूध सुरू करावं की नाही? पाणी जास्त पाजतेय, पण ते हापशाचंच, त्यातच खार. कालव्याचं पाजावं का? मी हंडा घेऊन कालव्यावर जायला लागले आणि माय म्हणायची, पाहुने येनार हेत का?

होळीनंतर तिला थंडी वाजून ताप आला आणि डावी कूस सुजली. औरंगाबादच्या दवाखान्यात तिला कापलं. खडा वाट अडवून बसला होता, मागचं मूत्रपिंड फुगून कामातून गेलं होतं, ते काढावं लागलं. खडा आम्हांला बाटलीत घालून दिला. हरभऱ्याहून मोठा होता, काळपट, सगळीकडून काटेरी, तुतीच्या फळासारखा. अण्णा बराच वेळ बाटली उलटसुलट करून बघत होते आणि म्हणाले, आपल्या नळ्यांत बी याच्यावानी कवाकवा निघतं.

मी त्या वेळी डॉक्टरांना गाठून विचारलं होतं. मोठे डॉक्टर म्हणाले की हे चार-सहा महिन्यांचं काम नव्हे, मूत्रपिंड फार आधीपासून खराब होत आलेलं असणार, एखाद्या भाजीनं काय होतंय. मी सुटकेचा श्वास टाकून वळले, तर आमचं बोलणं ऐकलेले त्यांच्या हाताखालचे तरुण डॉक्टर जिन्यात भेटले आणि म्हणाले, रोज चुका? कुणी सांगितलं असं करायला? दोघंही त्याच दवाखान्यातले, दोघंही शिकलेले. पुढं कितीतरी वर्षांनी माझ्या जावयाला खडा झाला, तेव्हाचे डॉक्टर म्हणाले की दूध-ताक अजिबात तोडू नका, उलट ते जेवणात असलं तर ऑक्झलेट पोटातच धरलं जातं, मूत्रपिंडापर्यंत कमी पोचतं. म्हणजे मी चुका वाढवला तो एक घाव आणि ताक तोडलं तो दुसरा. की मुळात घाव तिच्या लग्नाआधीपासूनच चालू होता आणि मी नुसती मधे नाचले? मी पुस्तकं वाचली, शिकवली, हिशेब करून बघितला, आणि हिशेब कधी या बाजूला आला, कधी त्या. आत किती चढले आणि किती उतरले, हे बाहेरून कुणाला कळत नाही, हे शेख सरांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं म्हणा.

माय बरी होऊन घरी आली. एका मूत्रपिंडावर ती पुढं खूप वर्षं जगली, माझी बाळंतपणं केली, अण्णांच्या मागं राहिली. पण ते नंतरचं. घरी आल्यावर महिन्याभरानं असेल, दुपारी आम्ही दोघी ज्वारी निवडत होतो. कारखाना बंद, वसाहत सामसूम. तिनं कुशीला हात लावून सुपातले खडे वेचले आणि मला एकाएकी राहवेना. मी सगळं सांगितलं. परीक्षानळी, गाळ, शेख सर, चुका कशाचा आंबट असतो ते, वाफ्याला कीड नव्हती ते, आणि तिला कापू देणार नाही म्हणाले होते ते. ऑक्झलेट तिला कसं सांगावं कळेना, म्हणून मी म्हणाले की ज्याचा खडा बनतो तेच मी तुला रोज वाटीवाटीनं चारलं, माय.

तिनं निवडायचं थांबवलं नाही. सूप एकदा पाखडलं, फोल उडवलं, आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, “तुहा चुका मी खाल्लाच कुठं? दोन-चार दिवस खाल्ला असंन. मला येवढं आंबट सोसतंय व्हय. तू तिकडं वळली की शेजारच्यांच्या शेळीला घालत होते. इचार कोनालाबी.”

चार महिने, सकाळ-संध्याकाळ, मी तिच्यासमोर मांडी घालून बसले होते. वाटीला लागलेलं ती बोटानं पुसून खायची, आणि ती वाटी मीच धुवायचे.

“बरं केलंस, माय,” मी म्हणाले.